जॉइंट कंपाउंड लवकर सेट व्हावं म्हणून काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिप्सम बोर्डाची पार्टिशनं, फॉल्स सिलिंग आणि त्यांची डागडुजी अशी छोटी कामं मी मुंबईत घेतो. आमच्या धंद्यात घड्याळ सोसायटीच्या हातात असतं. कामाची वेळ दहा ते पाच, दुपारी ठोकाठोकी बंद, रविवारी लिफ्टमध्ये पिशवीसुद्धा न्यायची नाही. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हमखास तोच येतो, ‘दादा, हे लवकर कसं सुकेल?’ हे म्हणजे जॉइंट कंपाउंड, बोर्डांमधल्या फटी कागदी टेप लावून बुजवायचा माल. घरी स्वतः हात घालणारे विचारतात आणि नवे कारागीरही विचारतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

सेट होणं आणि सुकणं एकच ना?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पिशवीतली पावडर म्हणजे मुख्यतः भाजलेलं जिप्सम. खाणीतून निघालेल्या जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. भट्टीत त्यातलं दीड उडून जातं आणि अर्धं उरतं. हेच आपलं पीओपी. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते गेलेलं पाणी ओढून घेतं, सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात, एकमेकांत अडकतात आणि माल पकडतो. याला सेट होणं म्हणायचं. ही रासायनिक क्रिया आहे, हिला हवा लागत नाही. माल पाण्याखाली बुडवून ठेवला तरी सेट होतो.

सुकणं वेगळं. शंभर ग्रॅम शुद्ध पीओपीला या क्रियेसाठी साडेअठरा ग्रॅमच्या आसपास पाणी पुरतं. पण तेवढ्यात कालवलं तर थापीला लागणारच नाही, म्हणून आपण त्याच्या तिप्पट-चौपट घालतो. ते जादा पाणी माल दगडासारखा झाल्यावरही आतच असतं आणि ते फक्त हवेतूनच बाहेर जातं.

तर हिशेब असा: सेट होण्याचा वेग चिमूटभर पावडरीने वाढवता येतो. सुकण्याचा वेग कुठल्याही पावडरीने वाढत नाही. मुंबईत माणूस अडकतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्यात, आणि औषध मात्र पहिल्याचं शोधत बसतो.

माझ्याकडचा माल सेट होणारा आहे की नुसता सुकणारा, कसं ओळखू?

बादलीत तयार लोण्यासारखी पेस्ट मिळाली असेल तर तो सुकणारा. पावडर असेल तर पिशवीवर सेटिंग टाइम मिनिटांत लिहिलाय का ते बघा. पण सगळ्या पावडरी सेट होणाऱ्या नसतात, काही पाण्यात कालवल्यावरही सुकण्यावरच अवलंबून असतात.

शंका असेल तर लिंबाएवढा गोळा कालवा, वाटीत ठेवा आणि वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. हवा लागायचा प्रश्नच नाही. तास-दोन तासांनी गोळा कडक झाला असेल आणि मध्येच कधीतरी वाटीचं बूड कोमट लागलं असेल, तर माल सेट होणारा. दुसऱ्या दिवशीही मऊच राहिला तर खालची निम्मी उत्तरं तुमच्या कामाची नाहीत. सरळ पावसाळ्याच्या प्रश्नाकडे जा.

पिशवीवर 90 मिनिटं लिहिलंय. मला अर्ध्या तासात हवंय. सगळ्यात भरवशाचा उपाय कुठला?

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कमी मिनिटांची पिशवी घेणं. अमेरिकेत हा माल 5, 20, 45, 90 आणि 210 मिनिटांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत मिळतो, तिकडचे कारागीर त्याला ‘हॉट मड’ म्हणतात. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे एकच प्रकार असतो आणि ‘साहेब, सगळे हाच नेतात’ हे उत्तर असतं. मग जे आहे त्यालाच पळवावं लागतं.

पळवायचं कशाने? त्याच मालाच्या सेट झालेल्या पावडरीने.

घरी दही लावताना आपण विरजण घालतो, तसंच हे. सेट झालेल्या जिप्समचा बारीक कण ताज्या मालात पडला की नव्या स्फटिकांना वाढायला तयार जागा मिळते. नाहीतर सुरुवातीचा बराच वेळ पहिले स्फटिक जमण्यातच जातो. भाजलेलं जिप्सम आधी पाण्यात विरघळतं आणि मग पक्क्या स्वरूपात स्फटिक होऊन बाहेर पडतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी 1880 च्या दशकातच मांडलं होतं. विरजण त्या दुसऱ्या पायरीला धक्का देतं. बाहेरचं काहीच मिसळलेलं नसल्यामुळे गंज, पांढरे डाग, रंग सुटणं यातलं काही मागे लागत नाही.

करायचं असं. आदल्या कामाचा सेट होऊन पूर्ण वाळलेला तुकडा घ्या. नसेल तर जिप्सम बोर्डाचा उरलेला तुकडा घेऊन दोन्ही बाजूंचा कागद सोलून काढा, आतला पांढरा गाभा म्हणजे सेट झालेलं जिप्समच. हातोडीने फोडा, खलबत्त्यात किंवा जुन्या मिक्सरमध्ये दळा. जुन्या म्हणजे खरंच जुन्या. मी एकदा घरातल्या चटणीच्या भांड्यात दळलं होतं, त्यानंतर आठवडाभर जेवताना मला त्याची आठवण करून देण्यात आली. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. जितकं बारीक तितकं जोरदार. दाणेदार भुकटी काम कमी करते आणि शेवटच्या हातात, म्हणजे थरात, थापीखाली रेघा ओढते.

तुकडा लवकर वाळावा म्हणून तव्यावर भाजू नका. भाजलं की त्यातलं पाणी उडून ते परत पीओपी होतं आणि विरजण मेलं. सावलीत, पंख्याखाली वाळवा.

प्रमाण: एक किलो पावडरला अर्धा चहाचा चमचा, सपाट. तो कोरड्या पावडरीतच नीट मिसळा, पाण्यात नंतर टाकलात तर गुठळीभोवती आधी पकडतं. या पहिल्या चाचणीला वाटीभरच माल कालवा, घड्याळ लावा आणि किती मिनिटांत घट्ट होतो ते लिहून ठेवा. कमी वाटलं तर पुढच्या वेळी पाऊण चमचा. मी किलोला एका चमच्याच्या वर सहसा जात नाही. प्रत्येक कंपनीने पिशवीत वेग रोखणारं काहीतरी आधीच घातलेलं असतं आणि ते किती आहे हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, म्हणून दुसऱ्याचं प्रमाण तुमच्या पिशवीला लागू होईलच असं नाही.

दळलेली भुकटी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दमट हवेत तिचा जोर हळूहळू उतरतो. जिप्सम बोर्डाच्या कारखान्यांतही हेच विरजण वापरतात आणि जोर टिकावा म्हणून काही ठिकाणी साखर किंवा स्टार्चबरोबर दळतात. आपल्याला एवढी उठाठेव नको, दर महिन्याला ताजं दळावं.

बादली धुतलेलं गढूळ पाणी वापरलं तर तेच होतं ना?

होतं. सगळे जुने कारागीर हेच करतात. त्या पाण्यात तरंगणारा गाळ म्हणजे आयतं विरजण. अडचण एवढीच की त्यात किती आहे हे कोणालाच माहीत नसतं.

दादरला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काम होतं. साडेतीन वाजलेले, पाचला खाली उतरायचं. मी सकाळपासूनचं धुवणाचं पाणी तळाच्या गाळासकट बादलीत ओतलं, वर पाच किलो पावडर, आणि ड्रिलला पॅडल लावून घोटायला सुरुवात केली. मिनिटभर छान. मग ड्रिलचा आवाज जड झाला, बादली पायांत फिरायला लागली आणि मी पॅडल वर ओढेपर्यंत ते आत पक्कं झालं होतं. एक पॅडल, एक बादली, पाच किलो माल आणि वर वॉचमनची शिट्टी. बादली फोडून पॅडल सोडवलं, ते आजही वाकडं आहे.

वापरायचंच असेल तर वरचं निवळ पाणी घ्या, चांगल्या पाण्यात थोडंच मिसळा आणि बादलीभर नव्हे, घमेल्याच्या कोपऱ्यात मावेल एवढाच माल करा.

गरम पाणी घातलं तर?

कोमट चालतं, गरम चालत नाही. साधारण 40 अंशांपर्यंत पाणी जसं कोमट होत जातं तसा माल लवकर पकडतो. त्याच्या वर गेलात की फायदा थांबतो आणि मग उलटा प्रकार सुरू होतो, कारण तापलेल्या पाण्यात भाजलेलं जिप्सम कमी विरघळतं. उकळत्या पाण्यात ते जवळपास सेटच होत नाही. ‘उकळतं घातलं, तरी काही होईना’ म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता कारण सांगतो, पूर्वी नुसता हसायचो.

आणि मुंबईत या उपायात फार दम नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून तसंही कोमटच येतं. थंड प्रदेशात बर्फासारखं पाणी येतं तिथे याचा फरक दिसतो.

मीठ किंवा तुरटी?

दोन्हींनी वेग वाढतो, हे खरं. तरी मी दोन्ही जॉइंटमध्ये घालत नाही.

मीठ थोडं असेल तर वेग वाढवतं, जास्त झालं तर उलट मंदावतं. पण खरा त्रास नंतरचा. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला कसं पाणी सुटतं ते आपल्याला नवीन नाही, तेच भिंतीत होतं. जॉइंट ओलसर राहतो, स्क्रूची डोकी गंजतात, रंगावर तपकिरी ठिपके उमटतात. आधीच समुद्राची हवा, त्यात आपल्या हाताने भर कशाला?

तुरटी आम्लधर्मी. बऱ्याच कंपाउंडमध्ये भर म्हणून चुनखडीची पूड असते. तुरटीचं पाणी आणि चुनखडी भेटली की वायू सुटतो, बारीक बुडबुडे येतात आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत साचे, काथ्या, पीओपी यांत आयुष्य गेलेली माणसं भेटतात. तिथल्या एका काकांनी मला तुरटीचं सांगितलं आणि लगेच म्हणाले, ‘पण तुझ्या भिंतीला नको रे, आमचं वेगळं.’ काकांचं ऐकावं.

पोटॅशियम सल्फेटबद्दल ऐकलंय. चालतं का?

उत्तम चालतं. दातांचे साचे ओतायच्या प्लास्टरला पूर्वापार हेच घालतात. साध्या पाण्याऐवजी त्याचं दोन टक्क्यांचं द्रावण वापरलं तर दहा मिनिटांचं प्लास्टर चारेक मिनिटांत पकडतं.

मिळायला सोपं आहे. खताच्या दुकानात 0-0-50 म्हणून जी पिशवी मिळते ती हीच. मात्र खताच्या मालात इतर क्षार असू शकतात, म्हणून भिंतीच्या कामाला केमिकलवाल्याकडची शुद्ध पुडी बरी. एक किलो पावडरला दोन-तीन ग्रॅमपासून सुरुवात करा आणि पाच ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. हे पाण्यात आधी पूर्ण विरघळवायचं, मग पावडर टाकायची. जास्त झालं तर सुकताना क्षार पृष्ठभागावर येतो आणि प्रायमरच्या खाली पिठासारखा बसतो.

विरजण हाताशी असताना मी याच्या वाटेला जात नाही. विरजण फुकट आहे आणि त्याच्या चुकीची शिक्षा लहान असते.

जास्त घोटलं, घट्ट कालवलं तर लवकर सेट होतं म्हणतात.

होतं. घोटताना तयार होणारे स्फटिक तुटतात आणि प्रत्येक तुकडा नवीन विरजण बनतो. पाणी कमी घातलं की स्फटिक जवळजवळ असतात, लवकर एकमेकांना धरतात. पण घट्ट माल टेपखाली पसरत नाही आणि ड्रिलने भरपूर घोटलेल्या मालात हवा भरते. मी या दोन्हींचा वापर वेग वाढवायला करत नाही, उलट सावधान राहायला करतो: पाण्यात पावडर सोडा, पावडरीत पाणी नको. मिनिटभर भिजू द्या, मग गुठळ्या मोडतील एवढंच घोटा.

फेविकॉल मिसळलं तर?

चिकटपणा वाढतो, वेग वाढत नाही.

सेट तर अर्ध्या तासात झालं, पण दोन दिवस झाले तरी गारच लागतंय. पावसाळा आहे. काय करू?

आता खऱ्या प्रश्नाला आलात.

जुलैमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस 85-90 टक्क्यांच्या घरात असते. टॉवेल खुर्चीवर टाकला तर संध्याकाळी दमटच, मग भिंतीतलं पाणी जाणार कुठे? लोक खिडक्या उघडतात आणि पंखा फुल्ल करतात. डिसेंबरात हे बरोबर आहे. जुलैत तुम्ही बाहेरची ओली हवा आत बोलावून भिंतीवर फिरवताय.

पावसाळ्यात खिडक्या-दारं बंद करा, एसी ड्राय मोडवर लावा आणि पंखा मंद ठेवा. एसीच्या नळीतून बाहेर बाटलीत पाणी जमताना दिसेल, ते थोडंफार तुमच्या भिंतीचंच आहे. एसी नसेल तर भाड्याचा डीह्युमिडिफायर बघा. तेही नसेल तर थांबा. खोलीत कपडे वाळत घालू नका, फरशी पुसू नका आणि कामाच्या खोलीला लागून स्वयंपाकघर असेल तर कुकरच्या वाफेसाठी दार लावून घ्या. सांगायला बावळट वाटतं, पण वडाळ्याच्या एका वन रूम किचनमध्ये आठवडाभर न वाळणारा जॉइंट गॅसच्या ओट्याच्या बरोबर मागे होता.

दुसरी गोष्ट हात पातळ लावण्याची. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात एकूण लवकर वाळतात. जिथे बोर्डांमध्ये मोठी फट आहे तिथे आधी फट भरून सेट होऊ द्या, टेप नंतर.

वाळलंय का हे रंगावरून कळतं. ओला भाग करडा, वाळलेला पांढरा, आणि बहुतेक वेळा मध्ये ढगासारखा डाग उरतो. हाताचा तळवा टेकवा, बाजूच्या बोर्डापेक्षा गार लागलं तर आत अजून पाणी आहे. कोरड्या दिवसांत मी रंगाआधी एक रात्र आणि एक दिवस देतो. पावसाळ्यात तीन दिवस गृहीत धरून तारीख सांगतो आणि पेंटरदादाची कुरकुर ऐकून घेतो. ओल्यावर प्रायमर मारला तर फुगे येतात, मग कुरकुर गिऱ्हाइकाची असते आणि ती फुकट नसते.

हेअर ड्रायर, हॅलोजन, हीट गन लावली तर?

सेट होण्याआधी अजिबात नाही. क्रियेला लागणारं पाणीच उडून जातं, अर्धी पावडर कच्ची राहते आणि जॉइंट बोटाने खरवडला तरी पीठ होऊन पडतो. असा माल नंतर पाणी मारूनही नीट होत नाही, खरवडूनच काढावा लागतो. सेट होईपर्यंत त्या जागेवर पंख्याचा झोतही नको.

सेट झाल्यावर कोमट वारा चालेल, तोही फिरता. जिप्सम सतत 50 अंशांच्या वर तापत ठेवलं तर स्फटिकातलं पाणी हळूहळू सुटायला लागतं आणि तुम्ही सेट केलेलं परत उलगडायला बसता. हॅलोजन दीड फुटावर लावून चहाला गेलेला माणूस मी पाहिलाय. परत आला तेव्हा टेपची कड पापडासारखी वर आली होती.

एका दिवसात तीनही हात होतील का?

सेट होणाऱ्या मालाचा खरा फायदा हाच. पुढचा हात लावायला आधीचा सेट झालेला पुरतो, वाळलेला असायची गरज नसते. सुकणाऱ्या पेस्टला प्रत्येक हातामागे दिवस मोडतो.

नखाने दाबून बघा. खूण उमटली नाही आणि हात लावल्यावर जॉइंट किंचित कोमट लागून परत गार झाला असेल, तर घ्या पुढचा हात. स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते, ती ओसरली म्हणजे क्रिया जवळपास संपली.

माझा क्रम असा असतो. सकाळी फटी भरायला विरजण घातलेला माल, वीस-पंचवीस मिनिटांचा. टेप बसवायला विरजण नाही, पिशवीतला जसाच्या तसा, कारण कागदी टेप सरळ बसवायला आणि खालचा जादा माल निपटायला हाताला उसंत लागते. घाईच्या मालात टेप बसवली की खाली बुडबुडा राहतो आणि तो दोन महिन्यांनी दिसतो. दुपारच्या जेवणानंतर दुसरा हात, थोडं विरजण चालेल. शेवटचा हात पुन्हा साधा. पाचच्या आत खाली उतरतो. घासाई मात्र वाळल्यावरच, ओल्यावर पॉलिश पेपर चालवला तर तो लगेच भरतो आणि चरे पडतात.

वेग वाढवलेला माल थोडा कमकुवतही होतो, विशेषतः प्रमाण जास्त झालं तर. म्हणून छतावरच्या लांब जॉइंटला मी घाई करत नाही.

माझा त्रास उलटा आहे. थापीवर घेईपर्यंतच पकडतो.

तीनपैकी एक कारण असेल. पहिलं, बादली किंवा पॅडलला जुना माल चिकटलाय, म्हणजे न मागता विरजण पडतंय. दर वेळी घासून धुवा. दुसरं, पाणी. बऱ्याच सोसायट्यांत फ्लशच्या नळाला बोअरचं पाणी असतं, कधी टँकरचं. ते खारं असेल तर वेग बदलतो. पिण्याच्या नळाचं घ्या.

तिसरं, पिशवी. उघडी पिशवी मुंबईच्या हवेत ठेवली की पावडर हवेतलं पाणी ओढून थोडी थोडी आतल्या आत सेट होते. सुरुवातीला हे कण विरजणाचं काम करतात म्हणून माल झटपट पकडतो. आणखी काही आठवडे गेले की उलट होतं, पावडर निम्मी मेलेली असते, सेट व्हायला वेळ लागतो आणि झाली तरी ताकद नसते. दोन्ही खुणा शिळ्या मालाच्या. उरलेली पावडर झाकणाच्या ड्रममध्ये, जमिनीपासून वर ठेवा.

मुद्दाम सावकाश करायचं असेल तर किलोला चिमूटभर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवा. चिमूटभरच, नाहीतर रात्रभर वाट बघाल.

पकडायला लागलेल्या मालात पाणी घालून परत कालवलं तर?

टाकून द्या. दिसायला मऊ होतो, पण स्फटिकांची जाळी एकदा मोडली की परत तशी बनत नाही. भिंतीवर खडूसारखा राहतो.

तयार पेस्टमध्ये किंवा पुट्टीमध्ये हीच भुकटी घातली तर?

पेस्टमध्ये भाजलेलं जिप्समच नसतं, तर विरजण कशाला लागणार? काही जण पेस्टमध्ये पीओपीची मूठ टाकतात. घट्ट होतं खरं, पण कधी आणि किती याचा भरवसा नाही. छोटा खड्डा बुजवायला ठीक, जॉइंटला मी करणार नाही.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हे वेगळंच प्रकरण आहे, तिचं रसायन सिमेंटचं. पेंटर लांबी (भिंत सपाट करायचा मसाला) भरताना कधी पीओपी आणि पुट्टी एकत्र मळतात. ओल लागली की सिमेंट आणि जिप्सम यांची आपसात क्रिया होऊन माल फुगतो आणि सुटतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत तर नकोच.

मग सरळ पीओपीनेच जॉइंट भरले तर? ते दहा-पंधरा मिनिटांत पकडतं.

भरणारे आहेत, स्वस्तही पडतं. पण जॉइंट कंपाउंडमध्ये चिकटपणासाठी आणि तडा न जाण्यासाठी जे मिसळलेलं असतं ते पीओपीत नसतं. दार आपटलं, पंखा थरथरला, वरच्या मजल्यावर फर्निचर सरकलं की कडक पीओपीची केसासारखी रेघ उघडते. फट आतून भरायला घ्या हवं तर. वरून टेप आणि कंपाउंडच.

हाताला किंवा श्वासाला काही धोका?

लवकर सेट होणारा मोठा गोळा चांगलाच तापतो, चटका बसेल इतका. बादलीत हात घालून कालवू नका, मुलांच्या हाताचे ठसे वगैरे घ्यायला तर हा माल कधीच नको. घासताना एन-95 मास्क लावा आणि खोलीच्या दाराला ओली चादर टांगा.

उरलेला माल कुठे टाकायचा?

सिंकमध्ये, मोरीत, कमोडमध्ये नाही. वर म्हटलं ना, हा पाण्याखालीही सेट होतो. पाइपाच्या वळणात बसला की तो तिथलाच. एका कामावर आमच्या पोराने दोन दिवस बादली बाथरूमच्या जाळीवर धुतली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू हातात झाडू घेऊन वर आल्या. त्यांच्या मोरीतून पाणी उलटं येत होतं. प्लंबरने पाइपाचा तुकडा कापून काढला तर आत दंडाएवढा पांढरा दगड, जाळीच्या भोकांचे ठसेसुद्धा उमटलेले. खर्च मी दिला.

आता दोन बादल्या ठेवतो. पहिलीत थापी-घमेलं धुवायचं, दुसरीत विसळायचं. रात्रभर गाळ खाली बसतो, सकाळी वरचं पाणी काढून टाकायचं, खालची वडी डेब्रिजच्या गोणीत. त्यातला एक तुकडा बाजूला काढून वाळत ठेवतो, पुढच्या कामाला दळायला.